बोंबलाचा काटा आणि सेन्सरची डुलकी

कार्तिकी एकादशीला खालापूर तालुक्यातल्या साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. दर्शनाला आलेला माणूस परतताना पिशवीत बोंबील, सोडे, जवळा घेऊन जातो. रात्री एखाद्या मासळीवालीच्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे पाहा. गिऱ्हाईक नसलं की आकड्यांमागचा उजेड विझतो. ताटलीत बोंबील पडले की काटा जागा होतो, आकडे क्षणभर मागेपुढे होऊन स्थिरावतात. ‘वीज वाचवू की अचूक मोजू?’ असं त्याने मावशींना कधी विचारलेलं नसतं.

ताटलीखालची धातूची पट्टी वजनाने किंचित वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि चिप तो मोजते. एकट्या मोजणीत गोंगाट फार, म्हणजे आकडे उगाच मागेपुढे होतात, म्हणून सरासरी काढतात. चार मोजण्यांच्या सरासरीत गोंगाट निम्मा होतो, सोळांच्या सरासरीत पाव. पण प्रत्येक मोजणीला वीज लागते. अचूकता फुकट मिळत नाही.

‘एडीएक्सएल३४५’ या हालचाल टिपणाऱ्या चिपचंच बघा. सेकंदाला १०० नोंदी घेताना ती साधारण १४० मायक्रोअँपिअर प्रवाह घेते. ‘लो पॉवर’मध्ये तेवढ्याच नोंदी ५० मध्ये होतात, पण गोंगाट वाढतो. झोपेत तिला ०.१ मायक्रोअँपिअर पुरतो.

मग यातलं काय वापरायचं, हे ठरवणार कोण? चिप आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो लिहिणाऱ्याला मोह होतो की चिपमधली सगळी बटणं वापरणाऱ्यापुढे मांडून मोकळं व्हावं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काही सेन्सरांना ‘लो नॉइज’ आणि ‘लो पॉवर’ असे पर्याय दिलेलेही आहेत. पण एका चिपच्या ‘लो पॉवर’मध्ये गोंगाट वाढतो, तर दुसरीच्यात नोंदी विरळ होतात. नाव एक, अर्थ दोन. त्यापेक्षा सेकंदाला किती नोंदी हव्यात आणि किती मोजण्यांची सरासरी घ्यायची, एवढंच विचारावं. हे दोन्ही पर्यायही लिनक्समध्ये आहेत. त्यावरून वीज कशी वाचवायची आणि काम नसताना चिपला कधी झोपवायचं, हे ड्रायव्हरने बघावं.

अँड्रॉइडही याच वाटेने गेलं. पूर्वी लोकेशनसाठी ‘हाय अ‍ॅक्युरसी’, ‘बॅटरी सेव्हिंग’ आणि ‘डिव्हाइस ओन्ली’ यांतून निवड करावी लागे. २०१८ च्या नवव्या आवृत्तीत ती यादी गेली आणि चालू-बंदचं एक मुख्य बटण उरलं. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून अ‍ॅपला नेमकं ठिकाण द्यायचं की अंदाजे, एवढं विचारलं जातं. हा प्रश्न कोणालाही कळतो.

याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा उतारावर पाऊस आणि जमिनीचा कल मोजणारी सौरऊर्जेवरची पेटी बसवायची म्हटली, तर तिची अडचण काट्याच्या उलट असते. मुसळधार पावसात ऊन नाही, म्हणून बॅटरी उतरलेली. आणि नोंदी तर तेव्हाच भराभर हव्यात. बॅटरी पाहून झोपणारी पेटी नेमकी त्या रात्री झोपेल. तिने उन्हाळ्यात तासाला एकदा डोळा उघडावा आणि पावसाचा जोर वाढला की टक्क जागं राहावं. तिच्या सेटिंगमध्ये गावकऱ्यांना विचारावा असा प्रश्न एकच: इशारा किती मिनिटांत हवा? बाकीचं गणित यंत्राने करायचं.