मुंबई-न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा दोन

मुलगा वा मुलगी न्यूजर्सीत स्थिरावली की मुंबई-पुण्यातील आईवडिलांना कधी ना कधी अमेरिकावारी घडतेच. तिकीट हाती येते आणि कोडे पडते. समजा, हिवाळ्यात रात्री एक वाजता मुंबईहून सुटलेले थेट विमान त्याच दिवशी सकाळी सव्वासहाला न्यूयॉर्कला उतरते. मग प्रवास सव्वापाच तासांचाच का? परतताना मात्र रात्री नऊला निघून मुंबई गाठायला दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे दहा वाजतात. म्हणजे तब्बल पंचवीस तास?

दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात मुंबईच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास. हा फरक जाताना मिळवला आणि येताना वजा केला की खरा प्रवास कळतो : जाताना पावणेसोळा तास, येताना साडेचौदा.

आता अंतराकडे वळू. दोन्ही विमानतळांमधील सर्वांत जवळचा हवाई मार्ग सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा आहे. भिंतीवरचा नकाशा पाहून विमान अरबी समुद्र ओलांडून सरळ पश्चिमेला जात असेल, असे वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो मध्य आशिया, रशिया असे करत जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. अर्थात प्रत्यक्षात नेहमी याच वाटेने जाता येत नाही. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते, तर २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली. अशा वेळी वळसा पडतो, वेळ वाढते आणि इंधनही अधिक लागते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर हे अंतर चौदा तासांत कापले जावे. मात्र उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, येताना मागून रेटतात. दोन्ही प्रवासांतील तास-दीड तासाचा फरक प्रामुख्याने त्यांचाच.

लंडनमार्गे गेल्यास अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते, दुबईमार्गे सुमारे चारशेने. उड्डाणाच्या हिशेबात हा अर्ध्या तासाचाही फरक नाही. वेळ खरा जातो तो मधल्या विमानतळावर. तो थांबा कुणाला जाच वाटेल, तर गुडघे धरलेल्या एखाद्या आजींना हवाहवासा विसावा.

हे गणित केवळ कुतूहलाचे नाही. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी स्थानिक घड्याळाकडे पाहून घेतली तर एखादी मात्रा चुकू शकते अथवा दोनदा घेतली जाऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना प्रवासाचे खरे तास सांगून औषधांचे वेळापत्रक लिहून घ्यावे, औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि मनगटावरचे घड्याळ मुक्कामी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्यावे. अधूनमधून उठून चार पावले चालावे, हेही विसरू नये.