दुकान वडिलांचे, कल्पना मुलांच्या

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कुणी पुण्याहून आले, की बॅगेत बाकरवडी असतेच. पाकीट उघडले, की पुण्याचे किस्से सुरू होतात आणि त्यात एक हमखास असतो : दुपारी १ ते ४ चितळ्यांचे दुकान बंद!

आता तो किस्साच उरला आहे. चौथी पिढी कारभारात आल्यानंतर, २०१७ मध्ये, ही दुपारची सुट्टी बंद झाली. अनेकांना वाटले, पुण्याची ओळखच गेली. पण नोकरी करणारा ग्राहक जेवणाच्या सुट्टीतच खरेदीला निघतो, त्याला बंद दार दाखवून कसे चालेल?

प्रत्येक पिढी कधीतरी नवीनच होती

या घराण्याचा व्यवसाय दुधापासून सुरू झाला. भास्कर गणेश चितळे यांनी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत १९३९ मध्ये डेअरी सुरू केली. त्यांच्या मुलांनी, रघुनाथराव आणि राजाभाऊ यांनी, १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान काढले. सत्तरच्या दशकात बाकरवडी आली. मागणी इतकी वाढली, की हातांना झेपेना, तेव्हा यंत्रे आली. म्हणजे ज्यांना आज आपण ‘जुने’ म्हणतो, त्यांनीही आपल्या काळात वडिलांच्या धंद्याला नवे वळण दिले होते.

कॅम्लिनचेही असेच. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केली. पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर ग्लासगोला शिकून आले आणि त्यांनी चित्रकलेच्या रंगांकडे मोर्चा वळवला. कंपनी फक्त शाईवर विसंबून राहिली असती, तर बॉलपेनच्या जमान्यात तिचे काय झाले असते?

घरात भांडण कशावरून होते?

शिकून आलेली मुलगी म्हणते, ‘‘बाबा, ऑनलाइन ऑर्डर घेऊया.’’ बाबा म्हणतात, ‘‘तीस वर्षे असेच चालले आहे.’’ मुलीला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. बाबांना वाटते, आपल्या कष्टांची किंमत नाही. वाद ऑर्डरचा नसतोच, मानाचा असतो. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवा :

• काय बदलायचे नाही, हे मुलांनी आधी मोठ्यांना विचारावे. चव, माप, उधारीचा शब्द, जुने कामगार. उरलेले सगळे बदलता येते.

• नवी कल्पना आधी छोट्या प्रमाणावर करून पाहा. एक पदार्थ, एक शाखा किंवा तीन महिने. खर्चाची मर्यादा आधीच ठरवा आणि हिशेब वहीत दाखवा.

• मोठ्यांनी नुसती खुर्ची नाही, निर्णयही सोपवावा. मुलगा चुकला तर ‘‘मी म्हटलेच होते’’ हे वाक्य गिळून टाकावे.

• मुलगी आणि सून यांनाही गल्ल्याची चावी मिळावी. हुशारी आडनाव पाहून येत नाही.

• धंद्याच्या गोष्टी दुकानातच बोला, जेवणाच्या ताटावर नको.

दुपारी दुकान उघडे राहू लागले, तरी बाकरवडीसाठी लोक येतच राहिले. वेळ बदलली, पण ज्यासाठी ते येत होते, ती गोष्ट तशीच होती. तुमच्या दुकानात अशी गोष्ट कोणती? आज रात्री आईबाबांना विचारून पाहा. मात्र ताटे उचलल्यावर!