कंग्राळी: कारभार गावाचा, वस्ती शहराची

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावच्या उत्तरेकडची, शहराला खेटलेली गावं. शहर कुठं वाढतंय, माणसं कुठं राहतात, कामाला कशी जातात, हे आता उपग्रहाची छायाचित्रं, डिजिटल नकाशे आणि जनगणनेचे तक्ते संगणकावर जुळवून अभ्यासलं जातं. त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: ग्रामपंचायत आहे, म्हणजे खेडंच.

वस्तुस्थिती: २०११ च्या जनगणनेत दोन्ही कंग्राळींची नोंद ‘जनगणना शहर’ अशी आहे. त्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर लागतात. पण जनगणना फक्त मोजते. नगरपालिकेचा दर्जा राज्य सरकार देतं. म्हणून वस्ती शहरी झाली तरी कारभार पंचायतीकडेच राहतो. त्या वर्षी बेळगाव महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते. लष्करी छावणी आणि भोवतालच्या अशा वस्त्या धरल्या की सुमारे ६ लाख १० हजार. पाणी, गटार, कचऱ्याचं नियोजन पहिल्या आकड्यावर बेतलं तर सव्वा लाख माणसं हिशेबातून गळतात. प्रशासकीय हद्द बाजूला ठेवून एक-एक चौरस किलोमीटरच्या चौकटींत लोकसंख्या मोजण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये उचलून धरली. देशोदेशीची तुलना हा तिचा हेतू. उपयोग मात्र कंग्राळीसारख्या ठिकाणी जास्त.

गैरसमज: उपग्रहाला सगळं दिसतं.

वस्तुस्थिती: सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जागा. त्यात छोटं घर, अंगण आणि रस्त्याचा तुकडा एकत्र मिसळतात. भातकापणीनंतर उघडी पडलेली जमीन आणि नवं बांधकाम यांत संगणक हमखास गफलत करतो. मार्चमधलं एकच चित्र पाहून ‘शेती संपली’ म्हणणारा अहवाल मी तरी मानणार नाही. पावसाळ्यात तर ढगांमुळे खालचं फारसं दिसतच नाही, तेव्हा ढगांपलीकडचं टिपणारी रडारची चित्रं घ्यावी लागतात. शिवाय छप्पर दिसलं तरी खाली एक कुटुंब आहे की भाड्याच्या चार खोल्या, हे वरून कळत नाही. त्यासाठी दारातच जावं लागतं.

गैरसमज: शहर जवळ, म्हणजे प्रवास सोपा.

वस्तुस्थिती: नकाशावर वर्तुळ काढून ‘पाच किलोमीटरच्या आत’ म्हणणं हा आळशीपणा. माणसं सरळ रेषेत चालत नाहीत. छावणीचा लष्करी भाग, रेल्वेमार्ग, मार्कंडेय नदी वाटेत आली की वळसा घालावाच लागतो. म्हणून प्रत्यक्ष रस्त्यांच्या जाळ्यावरून वेळ मोजतात. त्यात थांब्यापर्यंतची पायपीट आणि बसची वाट पाहणंही धरतात. तिकिटांच्या संख्येवरून गरज ठरवण्यातही धोका आहे. जी बस सुटतच नाही, तिचं तिकीट फाटत नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडून पाहिले तर निष्कर्ष फसतो.

दोन कंग्राळींचे आकडे एकमेकांत मिसळणं हा आणखी एक घोळ. नावावर न जाता सरकारी गावक्रमांक पाहिला की तो मिटतो.

पुढची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तोवर कुणी कंग्राळीचा रंगीत नकाशा पुढं केला, तर चित्र कोणत्या महिन्यातलं आणि आकडे कोणत्या हद्दीचे, हे दोन प्रश्न जरूर विचारा.