मंगळावर पौर्णिमा कधी?

मंगळाला दोन चंद्र आहेत, पण पृथ्वीवरच्यासारखी पौर्णिमा नाही. फोबोस हा त्यांतील मोठा चंद्र पावणेआठ तासांच्या आत मंगळाभोवती एक फेरी पूर्ण करतो. मंगळ स्वतःभोवती ज्या गतीने फिरतो त्याहून हा वेग अधिक असल्यामुळे फोबोस तेथे पश्चिमेस उगवतो आणि पूर्वेस मावळतो. दुसरा चंद्र डायमॉस इतका लहान की नुसत्या डोळ्यांना तो एखादा तेजस्वी ताराच वाटावा. ज्याच्या कलांवरून महिना मोजावा असे त्या आकाशात काहीच नाही. मग ज्या समाजाने बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाखी पौर्णिमेशी जोडल्या, त्या समाजातील एखादे कुटुंब मंगळावर राहावयास गेले तर त्याने बुद्धवंदनेसाठी कोणत्या सायंकाळी जमावे?

प्रश्न विनोदी वाटेल. विज्ञानकथांच्या लेखकांना मात्र तो गेली अनेक दशके छळत आला आहे, आणि बहुतेकांनी त्याला बगल दिली आहे. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत ‘स्टारडेट’ नावाची दिनांकपद्धती आहे. कथा नेमक्या कोणत्या शतकात घडते हे सांगावे लागू नये, एवढाच तिचा मूळ हेतू. या विश्वातील सण पाहिले तर ते बहुधा सरकारी थाटाचे आहेत. ५ एप्रिल २०६३ रोजी मानवाची परग्रहवासीयांशी प्रथम भेट झाली, म्हणून तो दिवस पाळायचा. पण १९९१ सालच्या एका भागात डेटा हा यंत्रमानव आपल्या दिवसाचा वृत्तान्त सांगताना, जहाजावर आज हिंदूंचा दिव्यांचा उत्सवही आहे, असे जाता जाता नोंदवून जातो. आम्हांला या अर्ध्या वाक्याचे फार कुतूहल वाटते. सूर्यमालेपासून कित्येक प्रकाशवर्षे दूर, जेथे पृथ्वीचा चंद्र दिसत नाही, तेथे आश्विनातील अमावास्या कोणी काढली? कोणीतरी पृथ्वीवरचे गणित जपून ठेवले असले पाहिजे आणि जहाजाच्या कॅप्टनकडे सभागृह मागितले असले पाहिजे. ही मागणी करणाऱ्या माणसाविषयी मालिका काहीच सांगत नाही.

याच्या उलट ‘स्टार वॉर्स’मध्ये. १७ नोव्हेंबर १९७८ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्याचा एक विशेष कार्यक्रम झाला. कलाकृती म्हणून तो इतका फसला की आजही त्याची थट्टा होते. त्याची कथा मात्र एवढीच आहे की, च्युबॅका या केसाळ वूकीला ‘लाइफ डे’ या सणासाठी आपल्या ग्रहावर, आपल्या बायकामुलांत पोहोचायचे आहे आणि वाटेत साम्राज्याचे सैन्य आडवे येते. रजा, प्रवास आणि वाटेवरची तपासणी या तीन गोष्टींनी सण ठरतो, हे परदेशात राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

कालगणनेचा खोलवर विचार करणारे लेखक थोडे. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ सालच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतील गेथेन ग्रहावर चालू वर्ष हे नेहमीच ‘पहिले वर्ष’ असते; मागची आणि पुढची वर्षे त्याच्यापासून मोजली जातात. कोणाच्याही राज्यारोहणापासून वा जन्मापासून काळ सुरू होत नाही, ही कल्पना आम्हांला सुंदर वाटते. पण तिच्या योगे इतिहासाचे दिनांक दरवर्षी बदलत राहतात, आणि ज्यांना आपला इतिहास नुकताच कोठे लिहावयास मिळाला आहे त्यांना ही सोय परवडणारी नाही.

आम्ही व्यवसायाने संगणक अभियंते असल्यामुळे व्हर्नर व्हिंजी यांची १९९९ सालची ‘अ डीपनेस इन द स्काय’ ही कादंबरी आम्हांला अधिक जवळची. तिच्यातील अंतराळव्यापारी दिवस, महिने, वर्षे यांऐवजी केवळ सेकंद मोजतात. एक किलोसेकंद म्हणजे सुमारे सतरा मिनिटे, एक मेगासेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. आपल्या गणनेचा आरंभ मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले त्या क्षणी झाला, अशी त्यांची समजूत आहे. वास्तविक तो क्षण त्यानंतरचा, म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीचा शून्य क्षण: १ जानेवारी १९७०. हजारो वर्षांनंतरही तीच गणना यंत्रांच्या तळाशी चालू आहे. यात अतिशयोक्ती फारशी नाही. आज आपल्या खिशातील फोनही याच शून्यापासून सेकंद मोजतो. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस त्याच्या लेखी शून्याच्या अलीकडे, सुमारे उणे एक्केचाळीस कोटी सत्तर लाख सेकंदांवर येतो. १४ एप्रिल १८९१ हा उणे दोनशे अठ्ठेचाळीस कोटींच्याही मागे पडतो. जुन्या बत्तीस बिटांच्या गणनेत मात्र १३ डिसेंबर १९०१ च्या मागचा दिनांक मावतच नसे; महाडचा सत्याग्रह तिच्यात बसे, बाबासाहेबांचा जन्म बसत नसे. यामागे कोणाचा हेतू नव्हता. मोजपट्टी आखणाऱ्यांनी आपल्याला लागेल तेवढीच पट्टी आखली होती, इतकेच.

मंगळाकडे परत येऊ. तेथील दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा आणि वर्ष अशा सुमारे ६६८.६ दिवसांचे, म्हणजे पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे. किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या मंगळविषयक कादंबरीत्रयीत वसाहतवाले मध्यरात्री घड्याळे थांबवतात आणि वरची साडेएकोणचाळीस मिनिटे काळाबाहेर जगतात. सण साजरा करण्यास याहून चांगली वेळ आम्हांला सुचत नाही. १९८५ साली थॉमस गँगेल यांनी मंगळासाठी चोवीस महिन्यांचे ‘डेरियन’ पंचांग रचले. त्यातील महिन्यांची नावे आळीपाळीने लॅटिन आणि संस्कृत राशींची आहेत: सॅजिटेरियस, धनु, कॅप्रिकॉर्नस, मकर, अशा क्रमाने. राशिभविष्याला रामराम ठोकलेल्या घरातील मुलाने एवढा प्रवास करून पुन्हा कुंभ आणि मीन घोकत बसावे, हा एक योगच. अर्थात तेथे जन्मलेल्या प्रत्येकालाच मंगळ असणार, तेव्हा विवाह जुळवणाऱ्यांची एक अडचण तरी कायमची मिटेल.

या पंचांगात खरा पेच आठवड्याचा आहे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी वार नव्याने मोजायचे, म्हणून सत्तावीस दिवसांच्या महिन्यात शेवटचा वार गळतो. पृथ्वीवर असाच प्रस्ताव १९३१ साली जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या परिषदेपुढे आला होता: अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने आणि वर्षाअखेरीस वार नसलेला एक दिवस. उद्योगपतींना तो सोयीचा होता. शनिवारचा सब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंनी, ब्रिटनचे प्रमुख रब्बी जोसेफ हर्ट्झ यांच्यासह, त्यास कडाडून विरोध केला, कारण त्यांचा पवित्र वार दरवर्षी एकेक दिवस सरकला असता आणि कामाच्या दिवशी येऊन पडला असता. प्रस्ताव बारगळला. संख्येने लहान असलेला समाज परिषदेत जाऊन आपला वार वाचवू शकतो, हे विज्ञानकथांतील गुळगुळीत विश्वराज्यांत क्वचितच दिसते.

चंद्राशी बांधलेल्या सणांचे काय? २००७ साली मलेशियाचा पहिला अंतराळवीर रमझानच्या दिवसांत अंतराळस्थानकावर गेला. तेथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय होतो. मलेशियातील धर्मशास्त्रज्ञांनी मार्ग काढला की, ज्या ठिकाणाहून यान उडाले तेथील वेळ प्रमाण मानावी. आपण स्थलांतरितांनी नकळत हेच केले आहे. २०२२ साली भारतात बुद्धपौर्णिमा १६ मे रोजी झाली. कॅलिफोर्नियात मात्र चंद्र १५ मेच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास पूर्ण झाला, तोही ग्रहणात. डोक्यावरच्या चंद्राकडे पाहावे की नागपूरच्या दिनदर्शिकेकडे? बौद्ध देशांतही एकवाक्यता नाही. श्रीलंकेने बुद्धाब्दाची २५०० वर्षे १९५६ साली साजरी केली, थायलंडने १९५७ साली. खुद्द दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन अशोक विजयादशमीलाही पाळला जातो आणि १४ ऑक्टोबरलाही. १९५६ साली एकच असलेले हे दोन दिवस २०२५ साली बारा दिवसांनी दुरावले होते.

हा दुहेरीपणा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. १४ एप्रिल, २० मार्च, ६ डिसेंबर हे आपले बहुतेक दिवस लिखित इतिहासाचे दिनांक आहेत. त्यांना चंद्र लागत नाही, पुरोहित लागत नाही, ते सेकंदांत मांडून कोठेही नेता येतात. पौर्णिमेला मात्र आकाश लागते. ३१ जानेवारी २०१४ रोजी क्युरिऑसिटी या बग्गीने मंगळाच्या सायंकाळचे छायाचित्र घेतले. त्यात पृथ्वी शुक्रासारखी चमकते आणि तिच्या शेजारी चंद्राचा बारीक ठिपका आहे. तेथून त्याच्या आपल्याला ठाऊक असलेल्या कला दिसत नाहीत, पण सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत केव्हा येतात हे कोणत्याही ग्रहावर बसून काढता येते. तो क्षण पृथ्वीचा घ्यावा आणि वंदना त्यानंतरच्या स्थानिक सायंकाळी घ्यावी, असे आमचे मत आहे. मुलांना तो ठिपका दाखवता येईल, निदान ज्या काळात पृथ्वी तेथील सायंकाळच्या आकाशात असेल तेव्हा.

राहिली भीमजयंती. मंगळाच्या बहुतेक वर्षांत १४ एप्रिल दोनदा येईल. आठ-नऊ वर्षांतून एखाद्या वर्षी मात्र एकदाच. तेव्हा तेथील मंडळाने वर्गणी मंगळवर्षाच्या हिशेबाने मागावी की पृथ्वीच्या, हे खजिनदाराने आधीच ठरवून ठेवलेले बरे.