टिकलेले आणि कोसळलेले : हिमालयातील दोन धार्मिक वास्तू आणि जोखमीचे वाचन

भूकंपानंतर किंवा दरडी कोसळल्यानंतर एखादे प्राचीन मंदिर उभे राहिले, तर ते बांधणीच्या भक्कमपणाचे किंवा दैवी कृपेचे प्रमाण मानले जाते. ते पडले, तर जुनी बांधणीच सदोष होती असे म्हटले जाते. ही दोन्ही अनुमाने घाईची आहेत. पुढील दुरुस्तीचे निर्णय त्यांवर अवलंबून असल्याने ती प्रसंगी घातकही ठरतात.

जोखमीचे मूल्यमापन मुख्यतः तीन प्रश्नांवर उभे असते : जमिनीकडून किंवा डोंगराकडून कोणते संकट संभवते, वास्तू कोठे दुर्बल आहे, आणि ती पडल्यास काय गमावले जाईल. या प्रश्नांची उत्तरे परस्परांत मिसळली की निष्कर्ष चुकतो.

केदारनाथचे उदाहरण पहिल्या दोन प्रश्नांतील फरक स्पष्ट करते. 16 व 17 जून 2013 रोजी अतिवृष्टी, दरडी आणि चोराबाडी तलावाचे फुटणे यांमुळे दगडमातीचा प्रचंड लोंढा मंदिराच्या परिसरात आला. भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, मंदिर मात्र वाचले. मोठ्या घडीव दगडांची बांधणी भक्कम होतीच. परंतु लोंढ्याबरोबर आलेली एक अजस्र शिळा मंदिराच्या मागे अडकली आणि तिने प्रवाह दुभंगला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. वास्तू बलवान आहे म्हणून स्थळ सुरक्षित ठरत नाही. शिळेचे तेथे अडकणे हा योगायोग होता, आणि योगायोगाची गणना पुढील आपत्तीच्या अंदाजात करता येत नाही.

काठमांडूचे काष्ठमंडप याच्या उलट बाजूचे उदाहरण होय. गोरक्षनाथाची मूर्ती असलेली ही लाकडी वास्तू 1934 च्या महाभूकंपात टिकली, परंतु 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात पूर्णतः कोसळली. त्या वेळी तेथे रक्तदान शिबिर चालू होते आणि आत असलेल्यांपैकी अनेकांचा मृत्यू झाला. प्रथमदर्शनी दोष प्राचीन बांधणीला दिला गेला असता. प्रत्यक्षात नंतरच्या उत्खननात पाया सुस्थितीत आढळला आणि तो सातव्या शतकाइतका जुना असल्याचे दिसून आले. त्यापूर्वी ही वास्तू बाराव्या शतकाच्या सुमाराची समजली जात असे. चार मुख्य खांबांपैकी एकाखाली मात्र तळखडाच नव्हता. तळखडा खांबाचे लाकूड ओलीपासून दूर ठेवतो आणि भार पायाकडे नेतो. ही उणीव विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या फरशीखाली झाकली गेली होती. दुर्बलता पायात नव्हती. ती देखभालीच्या इतिहासात होती. हे उत्खनन झाले नसते, तर पुनर्बांधणीत सुदृढ पाया उखडून तेथे सिमेंटचा पाया घालण्याची चूक सहज घडली असती.

पहिल्या प्रश्नाच्या, म्हणजे संकटाच्या, उत्तरासाठी साहित्याच्या अभ्यासकाचे साहाय्य आवश्यक ठरते. महाभूकंपांमधील अंतर शतकांचे असते. भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी मात्र सुमारे सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाहीत. 1255 चा भूकंप आणि त्यानंतरचा राजा अभय मल्ल याचा मृत्यू यांची माहिती ‘गोपालराजवंशावली’तून मिळते. ही वंशावली चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने रचलेली आहे. राजाचा मृत्यू आणि भूमीचा कोप यांची सांगड घालणे हा राजवंशवर्णनाचा संकेतही असू शकतो, अशी शंका घेणे योग्यच होते. परंतु पूर्व नेपाळमध्ये चर खणून केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 1934 आणि 1255 या दोन्ही भूकंपांनी भूपृष्ठ फाटल्याच्या खुणा आढळल्या. वंशावलीने वर्ष पुरवले, मातीच्या थरांनी घटनेला दुजोरा दिला. यापैकी कोणताही एक साक्षीदार पुरेसा नव्हता.

यावरून एक पद्धतीविषयक सूत्र हाती येते. शिलालेख, वंशावली, स्थलपुराण आणि दुरुस्तीच्या नोंदी यांतील साक्ष केवळ श्रद्धेची म्हणून टाकून देऊ नये, तशीच जशीच्या तशी स्वीकारूही नये. रचनाकाल, हेतू आणि वर्णनाचे संकेत तपासून ती जमिनीच्या आणि बांधणीच्या साक्षीशेजारी ठेवावी. पाठचिकित्सेत आपण हेच करीत असतो. येथे फरक इतकाच, की चुकीच्या वाचनाची किंमत वास्तूच्या छताखाली उभ्या असलेल्या माणसांना द्यावी लागते.