होलचा आकार ठरतो चेंडूच्या वेगावर

गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, असा नियमच आहे. चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे अडीच चेंडू शेजारीशेजारी मावतील एवढी ऐसपैस जागा. तरीही दोन मीटरवरून मारलेला पट, म्हणजे होलकडे घरंगळवलेला चेंडू, काठावरून गर्रकन वळतो, बाहेर पडतो आणि खेळाडू नशिबाला बोल लावतो. नशिबाचा संबंध थोडा. खरी भानगड वेगाची.

चेंडू आत पडायचा तर समोरच्या काठाशी पोहोचेपर्यंत तो निदान आपल्या त्रिज्येइतका, म्हणजे २१ मिलिमीटर, खाली यायला हवा. गुरुत्वाकर्षण त्यासाठी ०.०६६ सेकंद घेतं, कोणी कितीही घाई केली तरी. होलच्या बरोबर मधून जाणाऱ्या चेंडूला तेवढ्या वेळात ८७ मिलिमीटरची वाट मिळते. भागाकार करा: सेकंदाला १.३ मीटर, यापुढे चेंडू होल ओलांडणार. तोच चेंडू मध्यापासून चार सेंटिमीटर सरकून आला, तर होलवरची वाट आखूड होते आणि मर्यादा ०.८ मीटरच्याही खाली उतरते. (मागच्या काठावर आपटून, उडून पुन्हा आत पडणारे चेंडू यात धरलेले नाहीत. ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये तेही धरले, तेव्हा मधून येणाऱ्या चेंडूची मर्यादा १.६३ मीटरपर्यंत गेली.) जोरात येणाऱ्या चेंडूपुरतं होल अरुंदच होतं.

मग अगदी हळू मारावं? तेही नको. रेंगाळत येणारा चेंडू गवताच्या प्रत्येक उंचसखलपणाला बळी पडतो. त्यात खेळाडू होलच्या अगदी जवळ पाय ठेवत नाहीत. बाहेरचं गवत दबतं आणि होलभोवती किंचित उंचवटा राहतो. पूर्वी नासात काम केलेले पटिंगचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांचा सल्ला असा, की चुकलेला चेंडू होलच्या पुढे १७ इंचांवर, म्हणजे ४३ सेंटिमीटरवर, थांबावा.

हा आकडा ताडून बघता येतो. ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताचा, वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची खाचेची धातूची पट्टी असते. तिच्यावरून चेंडू सेकंदाला सुमारे १.८३ मीटर वेगाने सुटतो. तो १० फूट गेला, तर त्या ग्रीनवर ४३ सेंटिमीटर पुढे थांबणारा चेंडू होलशी ०.७ मीटर वेगाने येतो. वरच्या हिशेबाने मध्यापासून चार सेंटिमीटर चुकला तरी तो आत पडतो.

सरावात मात्र बहुतेक जण रेषेच्या मागे लागतात. त्यापेक्षा होलच्या मागे ४३ सेंटिमीटरवर एक क्लब आडवा ठेवावा. चुकलेला चेंडू त्याला जेमतेम टेकून थांबला, तर जोर बरोबर. क्लबवर आपटून मागे आला, तर जास्त. हे सपाट ग्रीनपुरतं. चढावर चुकलेला चेंडू लवकर थांबतो, तिथे थोडा जास्त जोर परवडतो. उतारावर तेवढ्याच जोराने मारलं, तर परतीचा पट पहिल्यापेक्षा लांबचा निघायचा.