‘ई-जे-के-बी-एच’ म्हणजे मराठी!

हातातली कॉफी खाली ठेवा, माऊस बाजूला सारा आणि मॉनिटर बंद करा. आता इंटरनेटवरून एक पीएच.डी.चा प्रबंध शोधा आणि त्यातलं तिसरं प्रकरण वाचून दाखवा. चीटिंग नाही हं!

वैतागलात ना? मग जरा वारंगा फाट्यावर चला. नांदेडहून हिंगोलीकडे किंवा यवतमाळ-नागपूरकडे कधी गेला असाल, तर हा फाटा तुम्हाला माहीत असणारच. निदान इथली खिचडी तरी! हिंगोली जिल्हा येतो स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत आणि मुख्य कॅम्पस आहे नांदेडजवळ, विष्णुपुरीला. समजा, फाट्यावरच्या एका दृष्टिहीन मुलीला मराठीत एम.ए. करायचंय. लायब्ररी गाठायची म्हणजे आधी एसटी, मग रिक्षा, कपाटापर्यंत कुणीतरी सोबत आणि पुस्तक हातात आलं की ते वाचून दाखवायला आणखी कुणीतरी. घरबसल्या पुस्तक उघडणं ही आपल्यासाठी चैन असेल, तिच्यासाठी तोच लायब्ररीचा दरवाजा आहे.

बरं, तिच्याकडे साधनं नाहीत असंही नाही. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला आणि तो चक्क फुकट आहे. मराठीही बोलतो. आवाज थोडा रोबोटछाप, पण रोज वापरणारे त्याला इतकं सुसाट पळवतात की आपल्याला एक शब्दही कळू नये.

मग घोडं अडतं कुठे? फाइलमध्ये.

विद्यापीठांनी प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावेत, असा नियम यूजीसीने २००९ मध्ये केला. देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर जमू लागले आणि आज तिथे ते लाखोंनी आहेत, सगळ्यांना मोफत. आयडिया झकास. पण प्रबंधाची छापील प्रत स्कॅनरखाली धरून पीडीएफ केली, तर तयार होतात फक्त पानांचे फोटो. आपले डोळे त्यावर सहज फिरतात. स्क्रीन रीडरला मात्र तिथे काहीच सापडत नाही, त्याच्या लेखी पान कोरं. टाइपरायटरच्या जमान्यातल्या प्रबंधांचं समजू शकतो. पण ज्याची मूळ फाइल कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर पडून आहे, त्याचीही प्रिंट काढून ती स्कॅन करायची, हा काय फंडा आहे?

दुसरी भानगड खास आपली, म्हणजे मराठीची. युनिकोड रुळण्याआधी आपलं सगळं टायपिंग कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये चालायचं. सरकारी कचेऱ्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत ते अजूनही भेटतात. या जुन्या फॉन्टचा खेळ असा, की आत साठतात इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे कोड आणि वर चढतो मराठी मुखवटा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द स्क्रीनवर छान दिसतो, पण आत असतं ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर बिचारा प्रामाणिक. मुखवटा त्याला दिसत नाही, आत जे आहे ते तो वाचतो. तीनशे पानं अशी ऐकायची, विचार करा! आणि हा प्रॉब्लेम फक्त तिचा नाही. सर्च इंजिनलाही तेच ‘ई-जे-के-बी-एच’ दिसतं, म्हणून डोळस संशोधकालाही तो प्रबंध सर्चमध्ये सापडत नाही.

उपाय आहेत. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. स्कॅनमधून अक्षरं ओळखणारं टेसरॅक्टसारखं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. मात्र जोडाक्षरं आणि रफार ते अधूनमधून चुकवतं, म्हणून शेवटी माणसाची नजर लागतेच. जुने सगळे प्रबंध एका रात्रीत होणार नाहीत, हे मान्य. मला विचाराल तर नवी फाइल चुकीची चढू द्यायची नाही आणि जुन्यांपैकी जी कुणी मागेल ती आधी करायची, एवढं ठरवलं तरी गाडी हलेल.

वेबसाइटचंही तेच. स्क्रीन रीडर वापरणारे मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत जातात. मथळे कोडमध्ये मथळे म्हणून लिहिलेच नसतील, तर उडी मारायची कुठे? पानावर चाळीस वेळा ‘इथे क्लिक करा’ असेल, तर नेमकं कुठे? संग्रहात फोटो असेल तर त्याचं वर्णन हवं, व्हिडिओला कॅप्शन हवीत आणि हात थरथरणाऱ्याला सगळं कीबोर्डवरून जमायला हवं. मोडी कागदाच्या स्कॅनसोबत देवनागरी लिप्यंतर दिलं, तर फायदा कुणाचा? मोडीपुढे आपण बहुतेक सगळेच निरक्षर, त्यामुळे आपलाच.

मोठ्यांचीही फजिती होते. लेक्चरच्या व्हिडिओंना नीट कॅप्शन नाहीत अशी तक्रार झाल्यावर अमेरिकेच्या बर्कले विद्यापीठाने २०१७ मध्ये वीस हजारांहून जास्त व्हिडिओ आणि ऑडिओ सर्वांसाठी बंदच करून टाकले. म्हणजे तुम्हाला नाही ना, मग कुणालाच नाही! शेवटी २०२२ मध्ये सरकारशी समझोता करून त्यांना कंटेंट सुगम करायचं कबूल करावं लागलं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिजिटल माहिती सुगम असण्याची तरतूद आहे. सुप्रीम कोर्टाने तर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो खटला होता ई-केवायसीचा. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकवा, असं सांगणारं ॲप ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्यांनी आणि दृष्टिहीनांनी वापरायचं कसं?

आणि कॉपीराइटचं काय, असं कुणी म्हणेलच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकासाठी सुगम प्रत बनवायला लेखकाची वेगळी परवानगी लागत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र २००३ पासून दृष्टिहीनांसाठी काम करतंय आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाइन लायब्ररीही सुरू झाली.

आता तुमच्या ऑफिसातली एखादी मराठी पीडीएफ उघडा. कंट्रोल-एफ दाबा आणि समोर दिसतोय असा एक मराठी शब्द टाइप करा. सापडला नाही, तर समजा फाइल फोटो आहे किंवा आत ‘ई-जे-के-बी-एच’ आहे. मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याला गाठा, ती युनिकोडमध्ये करून घ्या आणि थेट तिथूनच पीडीएफ सेव्ह करा. प्रिंटर-स्कॅनरच्या वाटेला जाऊच नका.